प्रकल्प नोंदी: लातूरमधल्या घरी गाडीचं चार्जिंग, जानेवारी ते एप्रिल २०२५

जागा: लातूर, अंबाजोगाई रस्त्याच्या बाजूची वसाहत. तळमजला आणि वर एक मजला, समोर पोर्च.
जोडणी: सिंगल फेज, मंजूर भार ३ किलोवॅट.
गाडी: ४०.५ युनिटांची (किलोवॅट-तास) एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. एसी चार्जिंग जास्तीत जास्त ७.२ किलोवॅट. रोजचा प्रवास सरासरी ४० किमी, महिन्याला १२०० च्या आसपास.

६ जानेवारी

पहिली पाहणी. सध्या गाडी तिच्यासोबत आलेल्या १५ अँपिअरच्या पोर्टेबल चार्जरवर लागते. सॉकेट पोर्चच्या भिंतीवर आहे, पण त्याची वायर वरच्या मजल्यावरच्या बोर्डातून फिरून येते. अडीचची (अडीच चौरस मिमी) वायर, लांबी २८ मीटर. याच सर्किटवर वॉशिंग मशीनही आहे.

संध्याकाळी साडेसातला मोजमाप घेतलं. मेन बोर्डावर २०४ व्होल्ट, चार्जर चालू असताना सॉकेटवर १९६. अडीचच्या तांब्याच्या वायरीत दर अँपिअर-मीटरला १८ मिलिव्होल्ट पडतात. १४ अँपिअर गुणिले २८ मीटर म्हणजे सात व्होल्ट, आणि वरचा एक जोडांमध्ये. हिशोब जुळतो.

सॉकेटचं तापमान सुरुवातीला २८ अंश, दोन तासांनी पिनपाशी ७१. सॉकेट उघडल्यावर न्यूट्रलच्या पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसलं आणि स्क्रू अर्धा फेरा ढिला होता. जोडात ०.०५ ओहम एवढाच विरोध असला तरी १४ अँपिअरला तिथे जवळपास १० वॉट उष्णता तयार होते, तीही काडेपेटीएवढ्या जागेत आणि रात्रभर. गिझर वीस मिनिटं चालतो, इस्त्री अर्धा तास. गाडी आठ-दहा तास एकसारखी ओढते. घरातलं दुसरं कोणतंही उपकरण वायरिंगची अशी परीक्षा घेत नाही, म्हणून 'याच सॉकेटवर दहा वर्षं गिझर चालला' या वाक्याला इथे अर्थ नाही.

सॉकेट बंद केलं. नवी लाइन होईपर्यंत गाडी बाहेरच्या सार्वजनिक डीसी चार्जरवर.

८ जानेवारी

नेमकं काय बसवायचं यावर चर्चा. घरमालकांची मागणी ७.२ किलोवॅटची. कागदावर हिशोब असा: ४० किमीला भिंतीतून साधारण ७ युनिटं लागतात. ३.२ किलोवॅटने सव्वादोन तास. रात्री अकराला लावली तर दीडच्या आत काम संपतं. पूर्ण वेगाची गरज फक्त नांदेड किंवा सोलापूरहून रिकामी येऊन सकाळी पुन्हा निघायचं असेल त्या दिवशी, म्हणजे महिन्यातून दोन-तीनदा.

३२ अँपिअर घ्यायचे म्हणजे सिंगल फेजवर घरासाठी काहीच उरत नाही, थ्री फेज घ्यावं लागतं आणि त्याचा स्थिर आकार दर महिन्याला वेगळा. ठरलं ते असं: वायर ३२ अँपिअरला पुरेल अशी टाकायची, चार्जर ७.४ किलोवॅटचाच बसवायचा, पण आतल्या डिप स्विचने (छोट्या खटक्यांनी) मर्यादा २० अँपिअर ठेवायची. म्हणजे ४.५ किलोवॅट. तीस टक्क्यांवरून पूर्ण भरायला सात तास. मंजूर भार ३ वरून ७ किलोवॅट, सिंगल फेज तसंच. अर्ज ऑनलाइन, सोबत परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, आणि सुरक्षा ठेवीतला फरक.

मर्यादा कशी चालते तेही इथे लिहून ठेवतो, पुढे कुणाला लागेल. चार्जर गाडीला कंट्रोल पायलटच्या (चार्जिंग केबलमधल्या संदेशाच्या) तारेवरून १ किलोहर्ट्झचा सिग्नल देतो. त्यातला चालू काळ जितके टक्के, त्याला ०.६ ने गुणलं की गाडीने ओढायचे अँपिअर. २० अँपिअरला ३३ टक्के. गाडी त्यापेक्षा जास्त ओढत नाही. दाब (व्होल्टेज) कमी झाला तरी अँपिअर तेवढेच राहतात, किलोवॅट कमी होतात. म्हणून संध्याकाळी सातला लावलेली गाडी २०४ व्होल्टवर रेंगाळते, आणि अकरानंतर २२८ वर तीच गाडी लवकर भरते. रात्री उशिरा लावायचं खरं कारण हे आहे, स्वस्त दर नव्हे. या घराच्या मीटरवर रात्रीचा आणि दिवसाचा दर एकच आहे.

११ जानेवारी

अर्थिंग तपासलं. जुना खड्डा मागच्या अंगणात. तीन खुंट्यांच्या पद्धतीने मोजल्यावर ३८ ओहम. खड्डा उकरला तर पट्टीला लावलेली जीआय तार क्लॅम्पपाशी गंजून केसाएवढी राहिलेली. हाताने ओढली, तुटली. म्हणजे ३८ हा आकडासुद्धा नशिबाचा होता.

शुद्ध नियमाने पाहिलं तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) असेल तर शॉकपासून बचावाला शेकडो ओहमही चालतात: ५० व्होल्ट भागिले ०.०३. 'पाच ओहमच्या आत' हा आग्रह बराचसा सवयीचा. पण दोन गोष्टींसाठी इथे तो पाळायचा. एक, चार्जर चालू होण्याआधी स्वतः अर्थ तपासतो आणि पटलं नाही तर लाल दिवा दाखवून बसतो. दुसरं, वळिवाच्या विजांसाठी एसपीडी (लाइनवरून येणारा विजेचा झटका जमिनीत सोडणारं उपकरण) लावणार आहोत. त्याला वीज जमिनीत ढकलायला वाट हवी.

१६ जानेवारी

संक्रांतीनंतर खोदकाम सुरू. ३ मीटरची कॉपर बॉन्डेड रॉड ठोकायचा बेत होता. वर १.२ मीटर काळी माती, मग मुरूम, आणि २.१ मीटरवर पाषाण लागला. रॉड घणाखाली वाकायला लागली. लातूर-बीडकडे हे नेहमीचं आहे. पुस्तकातली तीन मीटर इथे जमिनीत नाहीत.

मग आडवी पट्टी. कंपाउंडच्या भिंतीलगत १५ मीटर लांब, ०.६ मीटर खोल चर. त्यात २५ × ६ मिमीची जीआय पट्टी, सुमारे १८ किलो. भोवती बेंटोनाइटच्या चार गोण्या पाण्यात कालवून, वर निघालेली काळी माती. मुरूम परत टाकू दिला नाही, तो पाणी धरत नाही. वाकलेली रॉड दीड मीटरवर कापून पट्टीच्या टोकाला जोडली. जोड वेल्डिंगने, वर डांबरी रंगाचे दोन हात.

काळ्या मातीची एक खोड ध्यानात ठेवायची. ओली असते तोवर अर्थिंगला तिच्यासारखी माती नाही. एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि पट्टीपासून अक्षरशः सुटते. खड्ड्यात पाणी घालत राहा, असं सगळेच सांगतात. लातुरात उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरने येतं, तिथे खड्ड्यात कोण ओतणार? म्हणून स्वयंपाकघरातल्या आरओच्या टाकाऊ पाण्याची नळी पीव्हीसी पाइपने चराच्या डोक्यावर आणून सोडली. रोजचे १५-२० लिटर आपोआप मुरतात.

२२ जानेवारी

केबल टाकली. मीटरच्या खालच्या मेन स्विचपासून चार्जरपर्यंत थेट, मध्ये जोड नाही. सहाची तीन कोअर तांब्याची आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल, २२ मीटर. २० अँपिअरला ३.२ व्होल्ट पडतील, ३२ ला ५.१. चारची वायर २० ला चालली असती, पण पुढे मर्यादा वाढवायची वेळ आली तर भिंत पुन्हा फोडावी लागली असती. आर्मर्ड घ्यायचं कारण उंदीर आणि खारी.

मीटर ते मेन स्विच ही जुनी चारची वायर होती, ती काढून दहाची घातली. हा तुकडा जेमतेम अडीच मीटरचा, पण सगळा भार त्यातूनच जातो आणि बहुतेक घरांत तोच विसरला जातो.

बॉक्समध्ये क्रमाने: ३२ अँपिअर सी-कर्व्ह दोन पोलचा एमसीबी (प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की पडणारा स्विच), ४० अँपिअर ३० मिलिअँपिअर टाइप ए आरसीसीबी, टाइप २ एसपीडी, आणि तपासणीसाठी एक छोटा डिन-रेल युनिट मीटर. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखायची सोय आहे, म्हणून टाइप ए पुरतो. ती नसेल तर टाइप बी लागतो, आणि त्याची किंमत ऐकून लोक चार्जरच बदलतात. घरात आधीपासून असलेला जुना टाइप एसी आरसीसीबी मात्र गाडीसाठी वापरू नये. डीसी गळतीने तो आंधळा होतो, गरजेच्या वेळी पडतच नाही.

३ फेब्रुवारी

भारवाढ मंजूर होऊन आली. नव्या अर्थिंगचं माप २.६ ओहम.

रात्री आठला पहिल्यांदा चालू केलं. गाडीने भार घेताच आरसीसीबी पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. गाडी जोडली नाही तर टिकतो. मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला, केबल स्वच्छ. तासभर चार्जरवर शंका घेण्यात गेला.

कारण बॉक्समध्येच होतं. वायरमनने चार्जरकडे जाणारा न्यूट्रल आरसीसीबीच्या खालून न घेता शेजारच्या जुन्या न्यूट्रल पट्टीवर टाकला होता, कारण तिथे स्क्रू मोकळा होता. मग फेज आरसीसीबीतून जातो आणि परतीचा प्रवाह दुसऱ्या वाटेने. आरसीसीबीच्या दृष्टीने तो सगळाच प्रवाह जमिनीत चाललाय. तो पडणारच. न्यूट्रल जागेवर आणला, पाच मिनिटांचं काम. एका आरसीसीबीचा न्यूट्रल एकट्याचाच, त्यात वाटेकरी नको.

७ फेब्रुवारी

चार दिवस ठीक चाललं, आज संध्याकाळी चार्जरने 'अर्थ फॉल्ट' दाखवला. अर्थ तर २.६ ओहम. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला दाब मोजला: १४ व्होल्ट. दुपारी तोच ३ होता. घरातला भार वाढला की हा दाब वाढतो, याचा अर्थ न्यूट्रल कुठेतरी ढिला. मेन स्विचच्या आतल्या जुन्या न्यूट्रल लिंकवर हात ठेवला तर गरम. पितळेच्या लिंकमध्ये ॲल्युमिनियमची एक जुनी वायर तांब्याच्या वायरीसोबत एकाच स्क्रूखाली दाबलेली, मध्ये पांढरी भुकटी. लिंक बदलली, तांब्याच्या वायरींना टिनचे लग लावले, ॲल्युमिनियमचा उरलेला तुकडा काढूनच टाकला. आता भारावर १.८ व्होल्ट.

ही तक्रार चार्जरने केली नसती तर कुणाला कळलीच नसती. न्यूट्रल पूर्ण सुटला असता तर मात्र सगळ्या घराला कळलं असतं.

१५ फेब्रुवारी

पूर्ण चार्जची नोंद. ३० टक्क्यांवरून १००. बॅटरीत गेली २८.३५ युनिटं, डिन-रेल मीटरवर ३२.२. म्हणजे १२ टक्के वाटेत, त्यातला बराचसा भाग गाडीतल्या चार्जरचा. वेळ सात तास पाच मिनिटं. केबलचं तापमान हाताला न जाणवणारं, एमसीबीचं टर्मिनल ४१ अंश.

एलएफपी बॅटरी अधूनमधून हळू चार्जवर पूर्ण भरू द्यावी. तिचा दाब मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे टक्केवारीचा अंदाज सरकत जातो आणि मग १८ टक्के दाखवणारी गाडी मांजरसुंब्याच्या घाटात ९ वर येते.

२२ फेब्रुवारी

काल संध्याकाळी मेन एमसीबी पडला. चार्जरवर रात्री ११ ची वेळ लावलेली असताना गाडी सात वाजताच भरायला लागली, त्यात गिझर आणि पाण्याची मोटार. दुपारी लाइट गेली होती, परत आल्यावर चार्जरच्या घड्याळाने शून्यापासून मोजायला सुरुवात केली. चार्जर वेळ वायफायवरून घेतो, आणि लाइट आली तेव्हा राउटर अजून सुरू व्हायचा होता. राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर नेला. चार्जर मात्र इन्व्हर्टरवर कधीही नाही. तसं एका घरी केलेलं आम्ही पाहिलंय, तिथे इन्व्हर्टरचा बोर्ड जळाला.

३ मार्च

फेब्रुवारीचं बिल आलं. इथे जरा सावकाश लिहितो, कारण खर्चाच्या बाबतीत सगळेच इथे चुकतात.

एकूण ३८६ युनिटं. घर १८४, गाडी २०२. गाडी चालली १२१४ किमी, म्हणजे भिंतीतल्या एका युनिटला ६ किमी.

महावितरणचे २०२४-२५ चे घरगुती दर, वीज आकार अधिक १.१७ रुपये वहन आकार, त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरून, इंधन समायोजन सोडून असे पडतात: पहिली १०० युनिटं ६.८२, १०१ ते ३०० पर्यंत १३.२९, ३०१ ते ५०० पर्यंत १८.२४, आणि ५०० च्या वर २०.६६ रुपये.

घरमालकांनी बिलाला एकूण युनिटांनी भागून १२.७२ रुपये काढले आणि गाडीचा खर्च किलोमीटरला २.१२ ठरवला. हे चूक आहे. घर आधीपासून होतं, गाडी नंतर आली. म्हणून गाडीची युनिटं १८५ व्या युनिटापासून मोजायची. ११६ युनिटं १३.२९ ने, ८६ युनिटं १८.२४ ने. बेरीज ३११०. किलोमीटरला २.५६.

पेट्रोल १०५ रुपये आणि १५ किमीचं मायलेज धरलं तर किलोमीटरला ७. म्हणजे फायदा आहेच, प्रश्न किती याचा.

बाहेरच्या डीसी चार्जरशी तुलना करतानाही जपायचं. फलकावर २० रुपये लिहिलेलं असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी, २३.६० होतात. पण जिथे डीसी बाजूला युनिट मोजतात तिथे गाडीतल्या चार्जरचं नुकसान आपल्या माथी येत नाही, त्यामुळे त्या एका युनिटला ६.८ किमीपर्यंत मिळतात. किलोमीटरला ३.४७.

१० मार्च

गाडीसाठी वेगळी जोडणी घ्यावी का? वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तशी मागणी करता येते. ईव्ही चार्जिंगच्या वर्गात घरासारखे चढते स्लॅब नाहीत, हा मोठा फायदा. पण दुसरा मीटर, दुसरा स्थिर आकार, आणि मुख्य म्हणजे छतावर सौर लावलं तर नेट मीटरिंगची, म्हणजे ग्रिडला दिलेल्या युनिटांची, वजावट एकाच ग्राहक क्रमांकाला मिळते. गाडी दुसऱ्या क्रमांकावर गेली की सौर तिला उपयोगाचं नाही. या छतावर ३०० चौरस फूट सावलीविना आहे. म्हणून मीटर एकच ठेवायचा. छत नसलेल्या फ्लॅटवाल्याने मात्र वेगळ्या जोडणीचा विचार आधी करावा.

११ एप्रिल

पारा चाळिशीच्या वर. पोर्चचा बॉक्स पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारी चारला आत ५२ अंश. एमसीबीचं रेटिंग ३० अंशांना धरलेलं असतं. इतक्या उन्हात ३२ चा एमसीबी २७-२८ चा होतो. आपली मर्यादा २० असल्याने अडचण नाही, पण पाहुण्यांच्या गाडीसाठी लावलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटचा एमसीबी दुपारी दीड तासात पडला. भार १४.३ अँपिअर, शेजारी दुसरा गरम एमसीबी चिकटून. दोघांमध्ये एका मॉड्यूलची रिकामी जागा सोडली, त्या सॉकेटचा एमसीबी २० चा केला (मागे चारची वायर आहे म्हणूनच), आणि बॉक्सवर पत्र्याची छोटी पडवी ठोकली. आतलं तापमान ४५ वर आलं. पुढच्या वेळी बॉक्स पूर्वेच्या भिंतीला.

अर्थिंग पुन्हा मोजलं: ४.१ ओहम. अंगणात बोट जाईल एवढ्या भेगा आहेत, चराच्या माथ्यावर मात्र माती ओलसर. नळी काम करतेय.

२८ एप्रिल

एप्रिलचा हिशोब डिन-रेल मीटर आणि मुख्य मीटरच्या रीडिंगवरून. घर ३२२ (एसी सुरू झाला), गाडी २१०. गाडीची १७८ युनिटं १८.२४ ने, ३२ युनिटं २०.६६ ने, एकूण ३९०८ रुपये. १२२५ किमी. किलोमीटरला ३.१९. तीच गाडी, तोच चार्जर, फेब्रुवारीपेक्षा ६३ पैसे जास्त, आणि बाहेरच्या डीसीशी फरक जेमतेम २८ पैशांवर आला.

सौरचा आकार ठरवताना हे समोर ठेवलं. वर्षाची सरासरी महिन्याला ४६० युनिटं धरली. ३ किलोवॅटचं पॅनल इथल्या उन्हात दिवसाला सरासरी १२ युनिटं, महिन्याला ३६० देतं. उरतात १००, आणि ती बरोबर सगळ्यात स्वस्त स्लॅबात. आणखी एक किलोवॅट लावून ती १०० सुद्धा घालवायची म्हणजे ६.८२ ची वीज वाचवायला पूर्ण किमतीचं पॅनल घ्यायचं, कारण केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान ३ किलोवॅटला ७८,००० वर थांबतं. विक्रेत्याने ५ किलोवॅटचं अंदाजपत्रक दिलं होतं, ते परत केलं. ३ किलोवॅटवर महिन्याची बचत साधारण ५,५०० रुपये, अनुदान वजा जाता सव्वा लाखाच्या आतला खर्च दोन वर्षांत वसूल होतो.

लाइट गेली की हे सौर बंद पडणार, बॅटरीशिवायचा ग्रिड इन्व्हर्टर तसाच असतो. घरमालकांना दोनदा सांगून झालं, तरी वहीत त्यांची सही घेतली.

बाकी कामं: नेट मीटरचा अर्ज, पॅनलच्या स्ट्रक्चरला याच पट्टीपासून वेगळी अर्थ वायर, आणि चार्जिंग गनच्या हुकाची उंची. तो १.४ मीटरवर बसलाय, घरातल्या आजींच्या खांद्याला लागतो. ३० सेंटिमीटर खाली घ्यायचा.